काटा, कोजन आणि भोंगा : कारखान्याच्या टाइम सर्व्हरच्या नोंदी

१८ सप्टेंबर २०२४

काल गणपती गेले, आज या कामाला हात घातला. ऑफ सीझनमध्ये होणार होतं, ऑफ सीझन संपत आला.

विषय गेल्या हंगामातला. एका शेतकऱ्याच्या उसाची ट्रॉली रात्री काट्यावर चढली, पावतीवर १२ वाजून ३ मिनिटं आली आणि त्यासरशी तारीखही दुसऱ्या दिवसाची पडली. त्याचं म्हणणं, गाडी बाराच्या आत चढली होती. चिटबॉय, म्हणजे शेती खात्याचा उसाच्या चिठ्ठ्या बघणारा माणूस, त्याच्या बाजूने. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं तर त्यात पहाटेचे अडीच! शेती ऑफिसात तासभर आवाज चढले, शेवटी पावती हाताने दुरुस्त करून दिली. तेव्हाच साहेबांनी मला विचारलं होतं, सगळ्या घड्याळांना एकच वेळ देता येते का. येते म्हणालो, आणि मिल हाऊसच्या कामात विसरलो.

आज फोन हातात धरून अख्खा कारखाना फिरलो. काटा नंबर १ चार मिनिटं बारा सेकंद पुढे, काटा नंबर २ एक मिनिट चाळीस सेकंद मागे. म्हणजे एकच गाडी दोन्ही काट्यांवर लागोपाठ चढवली तर ती भरायच्या आधीच रिकामी होईल. गेटवरचा कॅमेरा अडीच तास पुढे. मिल हाऊसचा डीसीएस (यंत्रं चालवणारी संगणक यंत्रणा) अकरा सेकंद मागे, त्यातल्या त्यात गुणी. हजेरीचं बोटाचं मशीन तीन मिनिटं मागे, त्याबद्दल कामगारांची काहीच तक्रार नाही. बॉयलर हाऊसमधल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आप्पा भोंगा वाजवतात, तो दोन मिनिटं आधी होतो.

मुंबईत १९५५ पर्यंत देशाच्या वेळेहून ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' चालत होता म्हणे. निदान एका शहराला एक तरी वेळ होती.

२४ सप्टेंबर

आज कोजनच्या, म्हणजे कारखान्याच्या वीज बनवणाऱ्या प्लँटच्या, कंट्रोल रूममध्ये गेलो. मागच्या फेरीत ते कुलूप लावून होते.

तिथे पॅनेलवर लाल आकड्यांचं जीपीएस घड्याळ आहे, प्लँट उभा राहिला तेव्हापासूनचं. मिनिट-सेकंद तंतोतंत, माझ्या फोनपेक्षाही बरे. तारखेवर मात्र कुणीतरी काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली. टेप सोलली तर खाली ८ फेब्रुवारी २००५. वार मंगळवार, आणि आज मंगळवारच आहे. इलेक्ट्रिकलचे लोक याला 'येडं घड्याळ' म्हणतात आणि रिलेंना (बिघाड झाला की ब्रेकर उघडणाऱ्या उपकरणांना) तारीख हाताने देतात.

घड्याळ येडं नाही. जीपीएसचा उपग्रह तारीख पाठवत नाही, तो आठवड्याचा क्रमांक पाठवतो आणि त्या आठवड्यातला सेकंद पाठवतो. जुन्या संदेशात आठवड्यासाठी दहाच बिट ठेवलेत, म्हणजे ० ते १०२३. मोजणी जानेवारी १९८० पासून. १०२४ आठवडे भरले की पुन्हा शून्य. पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये, आपल्याकडे ७ तारखेच्या पहाटे साडेपाचच्या सुमाराला. पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये. नव्या रिसीव्हरच्या फर्मवेअरला हे ठाऊक असतं, याला नाही. कागदावर आजच्या तारखेतून ७१६८ दिवस वजा केले, बरोबर ८ फेब्रुवारी २००५ आली. आठवडे पूर्णच्या पूर्ण वजा होतात म्हणून वार हलत नाही.

मागे वाकून बघितलं तर एका बीएनसी सॉकेटखाली 'पीपीएस' लिहिलेलं. दर सेकंदाला एक पल्स. ऑसिलोस्कोप आणून लावला: ५ व्होल्ट, २०० मिलिसेकंद रुंद, पुढची कड चाकूने कापल्यासारखी सरळ. तारीख वीस वर्षं मागे असली तरी सेकंद कुठे सुरू होतो हे त्याला अजून पक्कं कळतं. भंगारच्या यादीतून काढायला सांगितलं. इलेक्ट्रिकलचे साहेब म्हणाले, "न्या की, पण रिलेंची वायर हलवू नका." हलवणार नाही. रिलेंना आयरिग-बी, म्हणजे वेळेचा सिग्नल, त्याच्याकडूनच जात राहील.

२८ सप्टेंबर

सामान आलं. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), यू-ब्लॉक्सचं निओ-एम८एन हे जीपीएस मॉड्यूल, चुंबकाची ॲक्टिव्ह अँटेना, डीएस३२३१ चं छोटं आरटीसी बोर्ड (लाईट गेली तरी बॅटरीवर चालणारं घड्याळ). पाय ३ पडून होता, तो मुद्दाम घेतला नाही. त्याचं नेटवर्क पोर्ट आतून यूएसबीवरून जातं, तिथे पॅकेट उगाच रेंगाळतं. ४ ला ते नाही.

नाविकवर, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेवर, चालणारं मॉड्यूल घ्यायची हौस होती. आपले उपग्रह, आपलं घड्याळ. पण नाविकचा जुना संदेश एल५ आणि एस या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर आहे आणि एम८एन एल१ शिवाय काही ऐकत नाही. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ वरही सुरुवात झाली. त्याच उपग्रहात देशी बनावटीचं रुबिडियमचं अणुघड्याळही आहे, आणि ती बाब लहान नाही. नाविकच्या पहिल्या उपग्रहावरची, आयआरएनएसएस-१ए वरची, तिन्ही आयात रुबिडियम घड्याळं बंद पडली होती. एक घड्याळ बिघडलं की उपग्रह शाबूत असूनही जागा सांगायच्या कामातून बाद. असो. बजेट साहेबांनी आधीच अर्धं केलंय.

अँटेनाची वायर तीन मीटर. सर्व्हर रूम तळमजल्यावर, वर दोन स्लॅब. दहा मीटरची एक्स्टेन्शन जोडून पाहिली. आरजी-१७४ ही बारीक वायर या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते, उपग्रहांचे आकडे चाळिशीवरून तिशीत उतरले. वायर वाढवण्यापेक्षा पायच वर न्यायचा ठरवला. गच्चीच्या जिन्यावरच्या खोलीत लाईट आहे आणि तिथून नेटवर्कची केबल खाली आणणं सोपं. अँटेना पत्र्यावर चिकटवली. तिला खाली धातू आवडतोच.

३० सप्टेंबर

जोडणी. मॉड्यूलचा टीएक्स (पाठवणारी पिन) पायच्या आरएक्सला (घेणारी पिन) म्हणजे दहा नंबरच्या पिनेला, पीपीएस बारा नंबरच्या पिनेला, म्हणजे जीपीआयओ १८. कॉन्फिग फाईलमध्ये पीपीएस-जीपीआयओची ओव्हरले ओळ टाकली, म्हणजे टिक कुठल्या पिनेवर येणार ते पायला सांगितलं.

दोन तास तरीही काही नाही. कारण नेहमीचंच, आणि मी नेहमीसारखाच विसरलो: सिरियल पोर्टवर लिनक्सचा कन्सोल बसलेला असतो, तो आधी उठवावा लागतो. शिवाय पाय ४ मध्ये धड यूएआरटी (सिरियल पोर्ट चालवणारं सर्किट) ब्लूटूथला दिलेला आणि पिनांवर आपल्याला मिनी यूएआरटी, ज्याचा वेग प्रोसेसरच्या घड्याळाबरोबर डगमगतो. ब्लूटूथ बंद केलं, चांगला पोर्ट पिनांवर आणला. लगेच मॉड्यूलची वाक्यं धावायला लागली.

पीपीएसटेस्ट चालवलं. दर सेकंदाला एक ओळ, एकेक अंक वाढत. कितीही वेळा केलं तरी ही ओळींची रांग बघायला मजा येते. काट्यावरचे अण्णा चहा घेऊन वर आले होते. त्यांनी विचारलं, "पाय चालायला लागला का?" मी हो म्हटलं. खाली जाऊन त्यांनी माझा पाय मोडल्याची बातमी पसरवली.

मॉड्यूलची वाक्यं वाचणारा प्रोग्रॅम जीपीएसडी बसवला, त्याला मायनस एन द्यायला विसरलो नाही. ते नसेल तर कुणी विचारेपर्यंत तो मॉड्यूलकडे बघतच नाही. वर क्रॉनी, म्हणजे सगळीकडून वेळ घेऊन पायचं घड्याळ जुळवणारा आणि ती वेळ पुढे वाटणारा प्रोग्रॅम.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. अर्धा दिवस.

अँटेना काल रात्री काढून ठेवली होती, आज सकाळी लावली. पहिल्या दहा-बारा मिनिटांत विचित्र प्रकार: उपग्रह सापडले, फिक्स मिळाला (म्हणजे जागा आणि वेळ ठरली), पण वेळ बरोबर २ सेकंद पुढे. मिलिसेकंदांचा गोंधळ असता तर समजू शकलो असतो. पुरे दोन सेकंद म्हणजे कुणीतरी मोजायला चुकलंय. नंतर अचानक, मी काही न करता, जागेवर आलं.

दुपारी उलगडा झाला. जीपीएसची वेळ लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद, पाळत नाही. १९८० पासून यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत, १८ लीप सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. (आपल्याकडे तो १ जानेवारी २०१७ ला पहाटे ५:२९:६० असा आला. काट्यावर कुणी गाडी मोजत असेल तर त्याला पत्ताही नसेल.) हा १८ आकडा उपग्रह सांगतो, पण त्याच्या लांबलचक संदेशात एका ठराविक पानावर. सगळी पानं एकदा फिरायला साडेबारा मिनिटं लागतात, अर्ध्या घटकेहून थोडं जास्त. तोवर मॉड्यूल आपल्या पोटातला जुना आकडा वापरतं. याचं फर्मवेअर २०१५ च्या आधीचं असणार. तेव्हा फरक १६ होता.

मॉड्यूलवरची छोटी बॅटरी मेलेली निघाली, म्हणून दर वेळी तो सगळं विसरून उठतो. बॅटरी बदलली. पण धडा बॅटरीचा नाही. रिसीव्हर खात्रीने, 'फिक्स आहे' असं सांगत, चुकीचा सेकंद देऊ शकतो. त्याच्यावर एकट्यावर विसंबता येणार नाही.

५ ऑक्टोबर

म्हणून नेटवर्कवरचे साक्षीदार. एनपीएलचा टाइम सर्व्हर आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचे 'समय' नावाचे दोन. भारताची प्रमाणवेळ ठेवायचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं, म्हणजे एनपीएलचं, सीझियम घड्याळं तिथे आहेत. ऑडिटवाल्यांनाही हेच हवं असतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलशी, नाहीतर त्यांच्याशी सांधलेल्या सर्व्हरशी जुळवा असं लिहिलंय. आमच्या फायरवॉलमध्ये वेळ विचारायचा पोर्ट, यूडीपी १२३, बंद होता, तो उघडून घेण्यात दीड दिवस आणि तीन फोन गेले. त्यावर आणखी लिहीत नाही.

दिल्लीपर्यंत जाऊन यायला ३५-४० मिलिसेकंद. जाताना आणि येताना सारखाच वेळ लागला असं गृहीत धरून एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायचा प्रोटोकॉल) निम्मा करतं. ब्रॉडबँडवर तसं नसतं, म्हणून दोन-तीन मिलिसेकंद इकडेतिकडे. काट्याच्या पावतीला हेही चिक्कार आहे. कोजनच्या ट्रिपच्या, म्हणजे संच अचानक बंद पडल्याच्या, नोंदींना नाही. तिथे कोणता ब्रेकर आधी उघडला हे मिलिसेकंदात ठरतं आणि ग्रीडवाले आपल्या नोंदींशी ताडून बघतात.

डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेला हा प्रोटोकॉल. यंदाच्या जानेवारीत ते गेले. बहुतेकांना नावही माहीत नसलेला माणूस आणि त्याने सांगितलेली वेळ प्रत्येकाच्या खिशात.

६ ऑक्टोबर

रविवार असून आलो, कारण रात्री घरून बघितलं तर पीपीएससमोर फुली.

क्रॉनीच्या यादीत प्रत्येक सोर्सपुढे एक खूण असते. चांदणी म्हणजे याच्यावर चाललंय. फुली म्हणजे हा खोटं बोलतोय असं बाकीच्यांचं मत आहे. संध्याकाळपर्यंत पीपीएसला चांदणी होती. रात्री साडेनऊनंतर फुली, आणि फरक जवळजवळ अख्ख्या एका सेकंदाचा. पहाटे पुन्हा चांदणी.

पीपीएस म्हणजे नुसती टिक. ती कुठल्या सेकंदाची हे ती सांगत नाही. ते सांगायला सिरियल पोर्टवरून मॉड्यूलची एनएमईए या ठरलेल्या साच्यातली वाक्यं येतात, आणि क्रॉनीमध्ये मी पीपीएसच्या ओळीत 'लॉक' लिहून टिकेला त्या वाक्यांशी बांधलंय. वाक्य उशिरा आलं तरी चालतं, पण अर्ध्या सेकंदाच्या आत. त्याच्या पलीकडे गेलं की शेजारची टिक जवळची वाटते आणि गाठ तिच्याशी पडते.

वाक्य रात्रीच का उशिरा? सगळी वाक्यं कागदावर उतरवून अक्षरं मोजली. मॉड्यूल ९६०० बॉडवर आहे, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. जीएसव्ही नावाची वाक्यं दिसणाऱ्या प्रत्येक उपग्रहाची उंची, दिशा, ताकद सांगतात. चार उपग्रहांमागे एक वाक्य. जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास दोन्ही चालू असल्याने रात्री वीसच्या वर उपग्रह होते आणि एकूण ८०० च्या वर अक्षरं. म्हणजे एका सेकंदाची खबर पूर्ण व्हायला जवळजवळ तेवढाच सेकंद! दुपारी उपग्रह कमी, खबर आटोपशीर, सगळं ठीक. आकाश जितकं चांगलं दिसेल तितकी वेळ वाईट.

आमच्या गावात बातमी सांगणारे असेच. मुद्दा पहिल्या वाक्यात असतो, पण ते सगळ्यांची खुशाली सांगून झाल्याशिवाय थांबत नाहीत.

८ ऑक्टोबर

मॉड्यूलला ११५२०० बॉड दिला, जीएसव्ही, जीएसए, व्हीटीजी ही नको असलेली वाक्यं बंद केली. उरलेलं वाक्य येतं आणि संपतं. उशीर आता १२० मिलिसेकंदांच्या आसपास आणि जागचा हलत नाही. तेवढा ऑफसेट क्रॉनीच्या एनएमईएच्या ओळीत लिहिला आणि तिथेच 'नोसिलेक्ट' टाकलं. म्हणजे त्याने सेकंदाचा आकडा सांगायचा, वेळ ठरवण्याच्या मतदानात उभं राहायचं नाही.

दोन दिवस बघणार. क्रॉनीतला रीच हा आकडा ३७७ वर स्थिर आहे. हा आकडा अष्टमान पद्धतीत असतो, म्हणजे शेवटच्या आठही वेळा उत्तर मिळालं. मागे एका इंटर्नने तो वाढावा म्हणून दिवसभर वाट बघितली होती.

१२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं. आमच्या खात्याच्या पूजेत मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि पाय, तिघांना झेंडूचं फूल. पाय चालूच होता. फुलामुळे त्याचं तापमान दोन अंश वाढलेलं आणि घड्याळाची फ्रिक्वेन्सी हललेली क्रॉनीच्या ट्रॅकिंगमध्ये दिसत होती. हसू आलं, पण पुढच्या कामाची ती खूणही होती.

१६ ऑक्टोबर

येड्या घड्याळाची टिक आणायची. कोजनपासून प्रशासकीय इमारतीपर्यंत साठ-सत्तर मीटर. तिथलं अर्थिंग वेगळं, इथलं वेगळं, मध्ये टर्बाइन. वायर थेट पायला जोडली असती तर एखाद्या ट्रिपच्या वेळी पायचा धूर झाला असता, आणि ५ व्होल्ट तर त्याच्या ३.३ च्या पिनेला तसेही सोसत नाहीत. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारी चिप. ड्रॉवरमध्ये पीसी८१७ होता, तोच लावला.

दुसरं पीपीएस उपकरण दिसायला लागलं. क्रॉनीत टाकलं तर २०० मिलिसेकंद मागे. आकडा ओळखीचा, पल्सच्या रुंदीएवढाच. ऑप्टोतून सिग्नल उलटा होऊन येतो. पल्स सुरू झाली की पिन खाली जाते, संपली की वर येते आणि पाय वर येणाऱ्या कडेकडे डोळे लावून बसलेला. ओव्हरलेत 'खाली जाणारी कड' असा पर्याय आहे, तो दिला. २०० मिलिसेकंद गायब.

उरला फरक साधारण १५ मायक्रोसेकंद. तोही कमी-जास्त होत होता, उन्हं कलली तसा बदलला. हा ८१७ चा आळशीपणा. चार्जरमध्ये लावायचा पार्ट तो, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार.

२१ ऑक्टोबर

६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर आला. त्याला ५ व्होल्ट, बाहेरचा पुल-अप मात्र ३.३ ला. आता दोन्ही टिकांमध्ये एका मायक्रोसेकंदाहून कमी फरक. सत्तर मीटर वायरचे साडेतीनशे नॅनोसेकंद त्यातच आले. हिशोबात घातले, गरज नव्हती, पण राहवलं नाही.

मांडणी अशी झाली. नवं मॉड्यूल पहिली टिक देतं, तिला एनएमईएची गाठ. येडं घड्याळ दुसरी टिक देतं, तिला कुणाचीच गाठ नाही. तिचा सेकंद कितवा हे चालू घड्याळ आणि दिल्लीचे सर्व्हर ठरवतात. येड्याला तारीख विचारायचीच नाही. दोघांत तंटा झाला तर पंच लागतो, म्हणून दिल्लीचे तिघे कायम फाईलमध्ये राहणार.

नव्या मॉड्यूलची अँटेना उपटून बघितली. फिक्स गेला की एम८एन पल्स बंद करतं. आपल्याला ठाऊक नाही हे त्याला ठाऊक असतं, हा गुण मोठा. थोड्या वेळात चांदणी दुसऱ्या टिकेवर सरकली आणि खाली कुणालाच काही कळलं नाही.

२५ ऑक्टोबर

दोन्ही टिका आणि इंटरनेट, सगळंच गेलं तर? रात्री आठ तास तिन्ही तोडून ठेवलं. सकाळी पल्स जोडली तेव्हा ४० मिलिसेकंदांनी सरकलेला. जिन्यावरच्या खोलीचा पत्रा दुपारी तापतो, पहाटे गार पडतो, आणि पायचा क्रिस्टल त्याबरोबर नाचतो. एक पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक एवढी चूक, म्हणजे दिवसाला ८६ मिलिसेकंद.

घरून जुना चौकोनी स्टीलचा डबा आणला, आईने दिवाळीच्या चकल्यांसाठी काढलेला. बाजूला तीन भोकं, आतून थर्माकोल, वरून झाकण. पाय आत जरा गरम राहतो पण एकसारखा गरम राहतो. काल रात्री पुन्हा आठ तास तोडला: ११ मिलिसेकंद. चकल्यांसाठी दुसरा डबा आणून द्यायचा आहे.

आरटीसी बोर्डही लावलं. पायला स्वतःचं घड्याळ नसतं. लाईट जाऊन आली की तो मागच्याच वेळेवर उठतो.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आता ज्यांच्यासाठी हे केलं ते.

काट्याचे दोन्ही संगणक विंडोजचे. त्यांची वेळ आठवड्यातून एकदा जुळवायची सवय, तीही इंटरनेट असेल तर. पत्ता आमच्या सर्व्हरचा दिला आणि दर पंधरा मिनिटांनी विचारायला सांगितलं. गाड्या नसताना केलं हे बरं. नंबर १ चार मिनिटांहून जास्त मागे उडी मारून आला, हंगामात हे केलं असतं तर एकाच वेळेच्या दोन पावत्या निघाल्या असत्या.

डीसीएसला एसएनटीपीची (एनटीपीच्या सोप्या रूपाची) चौकट आहे, पत्ता भरला, झालं. हजेरीचं मशीन एनटीपी ओळखतच नाही. त्याला त्याच्या सॉफ्टवेअरमधून रोज रात्री वेळ ढकलायची.

अण्णांना थर समजावून सांगितले. वर उपग्रह, तो शून्य. त्याला हात लावणारा आमचा पाय, थर एक. पायला धरून काट्याचा संगणक, थर दोन. अण्णा म्हणाले, "म्हणजे दहीहंडी उलटी." बरोबर आहे. वरचा सुटला की खालचे कोसळतात. इथे पंधरा थरांपर्यंत परवानगी आहे, सोळा म्हणजे हात सुटलेला.

११ नोव्हेंबर

कॅमेऱ्याच्या एनव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डरला, पत्ता दिला, तरी अडीच तास पुढेच. पुन्हा दिला, पुन्हा तेच, आता सेकंदासकट अचूक अडीच तास! टाइम झोन अधिक ८ वर होता, कंपनीतून आला तसाच. बसवणाऱ्याने झोन न बदलता हाताने वेळ लावली असणार, मग कधीतरी रीसेट झाला. अधिक साडेपाच केलं. गेल्या हंगामातली सगळी भांडणं या एका खिडकीतल्या एका ओळीने झाली होती.

२६ नोव्हेंबर

मतदान वगैरे आटोपून गव्हाणीत मोळी पडली. चौथा दिवस. गेटबाहेर बैलगाड्या कमी, ट्रॅक्टर जास्त.

काल रात्री मुद्दाम काट्यावर थांबलो. ११ वाजून ५८ मिनिटांनी एक ट्रॉली चढली. पावती ११:५८:४१. कॅमेऱ्यात चाक काट्यावर टेकल्यापासून पावतीचा कागद बाहेर येईपर्यंतचं सगळं ११:५८ मध्येच. मागचा ट्रॅक्टर १२:०१ चा, त्याला नवी तारीख. त्या ड्रायव्हरने पावती बघितली, भिंतीवरचा नवा डिस्प्ले बघितला, फोन बघितला आणि काही न बोलता खिशात घातली.

ट्रॅकिंगमध्ये फरक मायक्रोसेकंदाच्या आत-बाहेर. चिमणीची राख अँटेनावर बसतेय, अजून तरी सिग्नलवर परिणाम नाही. दर सोमवारी पुसायची.

२ डिसेंबर

शेवटचा डिस्प्ले बॉयलर हाऊसमध्ये लावला, भोंग्याच्या दोरीशेजारी. आप्पांना दाखवलं की जुनं भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, म्हणून भोंगा लवकर होतो.

"म्हाईत हाय की," आप्पा म्हणाले. "मीच ठेवलंय पुढं. वस्तीवरची पोरं भोंगा ऐकून सायकल काढत्यात. आठला वाजवला तर आठ-दोनला पोचायची."

म्हटलं, नवं घड्याळ तर बरोबर राहणार.

"ऱ्हाऊ दे की, सायेब. त्याच्यात सात-अठ्ठावन झालं की वढतो."

आज सकाळी मोजलं. भोंगा ७:५८:०१ ला झाला. देखभालीच्या वहीत भोंग्यापुढे लिहून ठेवलं: ऑफसेट वजा १२० सेकंद, मुद्दाम. बदलू नये.